थंड प्रोसेसर आणि काकूंची झोप

गाडीकाका शाळेची बस चालवतात, आणि इतकी जपून चालवतात की सायकलवाले त्यांना मागे टाकताना वळून बघतात. गतिरोधक लांबवर दिसला की यांचा पाय लगेच ब्रेकवर. मागून पोरं ओरडतात, "काका, जरा दामटा की." काका आरशात बघून म्हणतात, "तुमच्या आया मला ओळखतात, बाबांनो." गाडीकाका हे नाव पोरांनीच ठेवलं, मग गल्लीने उचललं, आणि त्याच ओघात त्यांची बायको सगळ्यांची काकू झाली.

आता असा हा सरळमार्गी माणूस घरी जाऊन काय करतो? संगणकावर रॅलीची गाडी हाणतो. टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळून बसवलेलं, पायाशी पेडल, कानाला हेडफोन, आणि समोर डोंगरातला कच्चा रस्ता. तिथे ब्रेक नावाची वस्तू असते हे काका साफ विसरतात. त्या रस्त्यावर तिसऱ्या वळणाला एक भलंमोठं झाड आहे. काका कैक वर्षं त्या झाडावर आपटतायत. त्यांचा मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, परगावी राहतो आणि तिथून त्याच शर्यतीत उतरतो. तो हेडफोनमधून म्हणतो, "दाजी, आता त्या झाडालाच तुमची दया येत असेल." काका परत सुरुवातीपासून निघतात. एरवी दिवसभर दुसऱ्यांची लेकरं जिवापाड जपणाऱ्या माणसाला थोडा वेळ कुणालाही न जपता गाडी चालवायला मिळते, एवढंच काय ते सुख, आणि खरं सांगायचं तर ते फार मोठं सुख आहे.

काकूंचं काम अगदी उलट्या वेळेचं. त्या रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेतात, आणि कायम रात्रपाळी करतात. कुणाचं तरी माणूस कोसळलेलं असतं, फोन करणाऱ्याचे हातपाय गळालेले असतात, आणि काकू मऊ आवाजात एकेक गोष्ट काढून घेतात: पत्ता, मजला, दार उघडं आहे का, माणूस बोलतोय का. गल्लीतल्या एका बाईने त्यांना एकदा विचारलं होतं, "लोक कानात किंचाळतात, भीती नाही वाटत?" काकू म्हणाल्या, "किंचाळणाऱ्याची कसली भीती? किंचाळतोय म्हणजे श्वास चालू आहे. बोलता बोलता गप्प झाला की मात्र भीती वाटते." विचारणारी बाई मान डोलावून निघून गेली. काकाही तिथेच उभे होते, पण त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. नवरे बरंच काही असंच ऐकून सोडून देतात.

सकाळी काका मुलांना शाळेत सोडून घरी येतात, तेवढ्यात काकूही कामावरून येतात. दोघं चहा घेतात. मग काकू झोपतात, आणि दुपारी शाळा सुटेपर्यंतचा वेळ काकांचा. घर म्हणजे एक खोली आणि तिला चिकटलेलं अरुंद स्वयंपाकघर. भिंतीला पलंग, पलंगाच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर मुलीने कॉलेजात असताना घेतलेला संगणक. मुलगी लग्न होऊन गेली, संगणक राहिला. काका त्यावर काकूंकडे पाठ करून बसायचे. हेडफोन असल्यामुळे खेळाचा आवाज बाहेर येत नसे. यायचा तो फक्त संगणकाच्या पंख्याचा. आतला प्रोसेसर जुना आणि तापट. शर्यत सुरू झाली की पंखा घूं करून चढायचा, गाडी झाडावर आपटून खेळ थांबला की हुश्श करून उतरायचा.

अशी कित्येक वर्षं गेली. काकू रोज दुपारपर्यंत गाढ झोपायच्या. हे नीट ध्यानात ठेवा, कारण काकांनी नेमकं हेच ध्यानात ठेवलं नाही.

झालं असं की एके दिवशी काकू उठल्या, केस बांधता बांधता म्हणाल्या, "आज फारच आपटलात हो झाडावर." बस, एवढंच. काकांनी वळून पाहिलं. हिला कसं कळलं? हेडफोन तर कानावर होते. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो नेमका नको त्या जागी पडला. म्हणजे हिला पंखा ऐकू येतो. म्हणजे ही जागी असते. म्हणजे आपण इतकी वर्षं रात्रभर राबून आलेल्या बाईच्या पायथ्याशी बसून घूं घूं करतोय. काकांना इतकी लाज वाटली की ते बस काढायला नेहमीपेक्षा आधीच निघून गेले आणि शाळेच्या फाटकाशी उगाच उभे राहिले.

विचारायचं ना सरळ. पण नाही. काकांचा स्वभावच असा की प्रश्न विचारायच्या आधी उपाय करून मोकळे. त्यांनी संगणकाखाली जाड कांबळ्याची घडी घातली. मग खेळातलं चित्र साधं केलं, म्हणजे प्रोसेसरला काम कमी पडेल. मग एक दिवस आड खेळू लागले. आणि शेवटी खेळायचंच बंद केलं. मेहुण्याला सांगितलं, "पाठ दुखतेय रे." काकू झोपल्या की काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचे आणि पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता ठेवायचे.

आणि गंमत बघा, काकूंची झोप सुधारायच्या ऐवजी पार उडाली. पडल्यावर थोड्याच वेळात त्या उठायच्या. पाणी प्यायला यायच्या, काकांना स्टुलावर बसलेलं बघायच्या, परत जाऊन पडायच्या. मग पुन्हा उठायच्या. डोळे चुरचुरायचे, चेहरा ओढल्यासारखा दिसायचा. "काय होतंय?" काका विचारायचे. "काही नाही, वय झालं," काकू म्हणायच्या. काकांना वाटायचं, इतक्या वर्षांची सवय मोडलीय बिचारीची, आता शांतता मिळूनही झोप लागत नाही. पाप आपलंच.

मग ते घडलं. रात्री एका बाईचा फोन आला, वडील जिन्यावरून पडले होते. तिने पत्ता सांगितला, काकूंनी बरोबर ऐकला आणि हाताने भलत्याच गल्लीचं नाव टाकलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून गाडी लगेच वळवली, म्हातारबाबा सुखरूप पोचले. पण काकू सकाळी घरी आल्या त्या चहाला हातही न लावता बसून राहिल्या. वरिष्ठ बाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्यासारखं फोनवर बोलणारं माझ्याकडे दुसरं कुणी नाही. पण डोळे मिटत असतील तर मला तुम्हाला आत फायलींपाशी बसवावं लागेल. पुन्हा असं व्हायला नको."

"फायलींपाशी," काकू म्हणाल्या. "मी काय करू तिथे?" आणि डोळ्यांना पदर लावला. काकूंना काकांनी क्वचितच रडताना पाहिलं होतं. त्यांच्या काळजात चर्र झालं. त्या खुर्चीवर, त्या फोनपाशी काकू जे आहेत ते दुसरीकडे कुठे नाहीत, हे काकांना ठाऊक होतं. लोक पुढे कधीतरी शोधत येतात, "त्या मऊ आवाजाच्या बाई कोण हो?" म्हणून. ती खुर्ची गेली असती तर काकूंनी मुकाट्याने फायली लावल्या असत्या आणि त्या आतल्या आत वाळत गेल्या असत्या.

त्याच दिवशी काकांनी ठरवलं, घरात आता तो घरघरणारा डबाच नको. तसाही तो म्हातारा झाला होता. काकांनी खेळ सोडला त्याच्या थोडं आधीपासून ऐन वळणावर चित्र गोठायचं आणि सुटलं की गाडी झाडात असायची. खेळ कायमचा सोडून द्यावा असंही त्यांच्या मनात आलं. पण काकूंनीच तो विचार मोडला. त्या मधेच एकदा म्हणाल्या होत्या, "हल्ली तुम्ही खेळत नाही. बरं आहे ना सगळं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. न खेळल्याने ही आणखी काळजीत पडणार आणि खेळल्याने जागी राहणार, अशी दोन्हीकडून पंचाईत. मग एकच वाट उरली. खेळायचं, पण मुक्यानं.

संगणक जोडून देणाऱ्या ताईंचं दुकान सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जिन्यात दोन्ही बाजूंना रिकामी खोकी, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. ताईंचा एक शिरस्ता आहे. गिऱ्हाईक आलं की त्या कुठलाच भाग दाखवत नाहीत. आधी स्टूल पुढे करतात आणि विचारतात: काय खेळता, कुठे बसता, घरात आणखी कोण असतं. काहीजण वैतागतात. ताई म्हणतात, "प्रोसेसर मी तुमच्यासाठी निवडायचा आहे की कपाटासाठी?"

काकांनी सगळं सांगितलं. फक्त काकूंच्या चुकीचं तेवढं गाळलं. बायकोची चूक दुकानात सांगणाऱ्यातले ते नव्हते.

"रॅली म्हणजे प्रोसेसरला काम पडणार," ताई म्हणाल्या. "चाकाखालची माती, इतर गाड्या, कुठली कुठे घसरते, हा सगळा हिशेब त्याचा. ग्राफिक्स कार्ड नुसतं चित्र काढून वाढतं. म्हणजे कसं, हा स्वयंपाकी आणि तो वाढपी. स्वयंपाकी मागे पडला की पंगत खोळंबते. तुमच्या वळणावर तेच होत होतं."

"मग स्वयंपाकी बदला," काका म्हणाले. "पण बोलणारा नको. मला मुका प्रोसेसर द्या."

ताईंनी हसून दोन खोकी काढली. एक सगळ्यात वरचा, भरपूर कोर, म्हणजे कामाला भरपूर हात असलेला, वेगाला राजा. "हा घोडा आहे. पण खातोही तसाच. वीज जास्त, ताप जास्त, ताप आला की पंखा चढणार." दुसरा मधला. वेग थोडा कमी, पण स्वभावाने थंड. "हा घाम गाळत नाही. याला गार ठेवणारा मोठा कूलर वर बसवला तर चालू आहे की बंद, कळणारही नाही."

इथे मेहुण्याचं काय म्हणणं होतं ते सांगायला हवं. तो पाठदुखीवर विश्वास ठेवून रोज फोन करत होता आणि नवा संगणक म्हटल्यावर तर त्याने काकांच्या मागे टुमणंच लावलं होतं: "दाजी, घ्यायचा तर वरचाच घ्या. आयुष्यात एकदा तरी स्वतःसाठी दणकट काही घ्या." आणि काकांचाही जीव त्या वरच्यातच अडकला होता, खोटं कशाला बोला. त्यांनी ते खोकं हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, आणि नव्या बसच्या चाव्या बघाव्यात तसं बघत राहिले.

मग म्हणाले, "दोन्ही ऐकवा."

दुकानात तपासणीसाठी दोन्ही प्रकारचे संगणक जोडून ठेवलेले होते. ताईंनी दोन्हीवर जड काम लावलं. काकांनी डोळे मिटले आणि आधी एकाला कान लावला, मग दुसऱ्याला. पहिला घुमत होता, वरखाली होत होता, पार आपल्या जुन्या डब्याचा थोरला भाऊ. दुसऱ्याला कान टेकवला तरी काही नाही. हेडफोन घ्यायला आलेला एक गृहस्थ आ वासून बघत होता. खरबूज पारखावं तसा प्रोसेसर पारखणारा माणूस त्याने पाहिला नव्हता.

"हाच," काका म्हणाले, आणि वरच्याचं खोकं परत देताना त्यांनी ते उगाचच एकदा पुसलं.

"ज्यावर बसवायचा तो बोर्ड एकच आहे दोघांना," ताई म्हणाल्या. "पुढे कधी मन बदललं तर हा काढून तो बसवता येईल."

"मन बदलणार नाही," काका म्हणाले.

मेहुणा फोनवर हळहळला. "काय हे दाजी, दुकानात जाऊन वरणभात मागवलात?" काका म्हणाले, "मला तेवढा पुरतो." खरं कारण त्यांनी त्याला सांगितलं नाही. त्याची बहीण झोपेअभावी डुलते आहे हे त्याला कशाला कळवायचं?

नवा संगणक टेबलावर आला, तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला. "आता हे काय?"

"तुझ्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? मी पळवू गाडी?"

"तू झोप. मग सांगतो."

काकू आडव्या झाल्या. काकांनी हेडफोन चढवले, कळ दाबली. दिवा लागला नसता तर संगणक चालू झालाय हे कळलंच नसतं. काकांनी शर्यत लावली. रस्ता लोण्यासारखा सरकत होता, चित्र कुठे गोठत नव्हतं, आणि हेडफोन एका कानावरून सरकवून ऐकलं तर खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. काका खूश झाले. इतके खूश झाले की पहिलं वळण नीट गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्या वळणाला तर चक्क त्यांनी ब्रेक दाबला. झाड बाजूने निघून गेलं. कैक वर्षांत पहिल्यांदा. काकांना हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

काकू पलंगावर उठून बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले, एक हात छातीशी, आणि नजर काकांच्या पाठीवर. चेहरा पांढराफटक.

काकांनी हेडफोन काढून फेकले. "अगं, काय झालं?"

"आहात ना?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे काय? इथेच तर आहे. समोर."

काकूंनी श्वास सोडला. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. काका त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांना काही उमजेना.

"पाठमोरे बसलेले दिसताय, आणि काहीच वाजत नाही," काकू म्हणाल्या. "मला वाटलं..." आणि थांबल्या. "तुम्हाला ठाऊक आहे का माझ्या फोनवर काय होतं? एकदा एकट्या माणसाने स्वतःच फोन केला होता. छातीत दुखतंय म्हणाला. पत्ता सांगितला, मजला सांगितला, आणि मग बोलेना. त्याच्या घरात कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता. माणूस ऐकू येत नव्हता. गाडी पोचेपर्यंत मी तो नळ ऐकत बसले. वाचला तो. पण तेव्हापासून मला घरातली शांतता सोसत नाही. घरी येऊन पडले की तुमचा तो डबा घूं करायचा आणि मी म्हणायचे, चला, निघाली स्वारी. चढला म्हणजे पळवतायत, उतरला म्हणजे आपटले. परत चढला म्हणजे जिवंत आहेत. तेवढं ऐकलं की मला झोप लागायची."

काका तोंड उघडं टाकून ऐकत होते. "मग तू म्हणालीस ना, फारच आपटलात म्हणून?"

"थट्टा केली हो. तुमची थट्टा नको करू तर कुणाची करू?"

"आणि मी खेळायचं बंद केलं तेव्हा सांगायचं नाही?"

"मलाच कुठे कळत होतं? मला वाटायचं, यांचं काहीतरी दुखतंय, लपवतायत, म्हणून सारखी उठून बघायला येत होते. तुम्ही स्टुलावर बसलेले, गप्प. आणखीच धास्ती. आत्ता तुम्ही धडधाकट वळून बोललात आणि तरी संगणकाचा आवाज नाही, तेव्हा कुठे डोक्यात आलं."

काकांनी आपल्या गालावर हलकेच एक चापट मारून घेतली. ज्या पंख्यापायी ते एवढे शरमले होते तोच पंखा या बाईची अंगाई होता, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिची झोप काढून घेतली होती. वर तिलाच वाचवायला निघाले होते. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. इतकी वर्षं ते समजत होते की आपण एकटेच खेळतोय. ही पाठीमागे पडून रोज शर्यत ऐकत ऐकत झोपत होती.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन पंखा पूर्ण वेगावर टाकला. खोली घुमू लागली. काकू डोळे मिटून पडल्या. काका आशेने बघत होते. थोड्या वेळाने काकूंनी डोळे न उघडताच मान हलवली.

"हा पंखा वाजतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही वाजत."

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा त्या खोक्यांच्या जिन्यातून वर गेले. ताईंनी त्यांना बघून स्टूल पुढे केलं. "काय काका, आवाज येतोय का?"

"नाही येत. तीच तक्रार आहे."

ताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. काकांनी या वेळी सगळं सांगितलं, काहीही न गाळता. काकूंची चूक, स्वतःची चूक, नळाची गोष्ट. आणि हेही की पंखा नुसता जोरात फिरवून उपयोग नाही. तो चढला पाहिजे, उतरला पाहिजे. ताई ऐकत राहिल्या. त्यांच्या दुकानात आजवर लोक गरम होतो म्हणून आले होते, हळू चालतो म्हणून आले होते. गप्प बसतो म्हणून प्रोसेसर परत करायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"चूक माझी आहे," ताई शेवटी म्हणाल्या. "घरात कोण असतं हे मी विचारलं. त्यांना काय हवंय हे विचारायचं राहिलं. बसा. घोडा काढते."

"पण कूलर तो मोठा नको."

"छे, तो मोठा लावला तर हाही मुका होईल. साधा पंखा लावते. चिपला काही होणार नाही, तापला की पंखा आपसूक चढेल, काम उतरलं की उतरेल. बोलका होईल चांगला."

काकांचा जीव भांड्यात पडला. आणि मनातल्या मनात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते प्रचंड खूशही झाले, कारण वरचा प्रोसेसर घरी चालला होता आणि तोही बायकोच्या तब्येतीच्या कारणाने. असं नशीब किती नवऱ्यांच्या वाट्याला येतं? मेहुण्याला त्यांनी जिन्यातूनच फोन लावला. "तुझ्या बहिणीने वरचा घ्यायला लावलाय." मेहुण्याने तेच वाक्य त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

सकाळी काकू आल्या. चहा झाला. काकू आडव्या झाल्या आणि त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. काकांनी हेडफोन चढवले, एक कान मुद्दाम उघडा ठेवला, आणि गाडी सोडली. पंखा घूं करून चढला. जुन्यापेक्षा आवाज जरा भारदस्त होता, पण चालण्याची ढब तीच. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि तिसऱ्याला काका ब्रेक साफ विसरले. धाडकन झाड. पंखा उतरत उतरत शांत झाला.

"दाजी," मेहुणा कानात म्हणाला, "प्रोसेसर बदलला, झाड तेच आहे."

काकांनी त्याला गप्प केलं आणि मागे पाहिलं. काकू कुशीवर वळलेल्या, तोंड जरासं उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबणारा. काका थोडा वेळ तसेच बघत राहिले. पांघरूण संथपणे वरखाली होत होतं. मग त्यांना आठवलं की आपण फार वेळ गप्प आहोत, आणि त्यांनी घाईघाईने पुढची शर्यत लावली.

काकूंना कुणी फायलींपाशी बसवलं नाही. पुढे वरिष्ठ बाईंनी नव्याने आलेल्या मुलींना त्यांच्याच शेजारी शिकायला बसवलं. पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी काका दुपारची फेरी संपवून आले तरी काकू झोपलेल्याच होत्या. उन्हं भिंतीवरून सरकल्यावर कुठे उठल्या. चेहरा भरलेला, गालावर उशीची वळी उमटलेली. काका समोर चहाचा कप घेऊन उभे. त्यांना धीर निघेना.

"सांग बघू, आज किती वेळा आपटलो?"

काकूंनी कप घेतला, एक घोट घेतला आणि विचार केला.

"पहिल्या वेळेला ऐकलं," त्या म्हणाल्या. "पुढचं काही माहीत नाही."